ढालसिम सोडू का?

प्रश्न : मी नाशिकरोडला राहतो, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ‘स्ट्रीट फायटर ६’ या फायटिंग गेममध्ये दीड वर्ष ढालसिम, म्हणजे लांब हात-पाय ताणणारा योगी, खेळतोय. ऑनलाइन प्लॅटिनम रँकपर्यंत आलो आणि तिथेच अडकलो. कॉलेज रोडच्या एका गेमिंग कॅफेत दर शनिवारी आम्ही आठ-दहा जण जमतो. झँगीफवाल्याला मी बहुतेक वेळा हरवतो, पण कॅमीवाला आणि केनवाला मला उभंसुद्धा राहू देत नाहीत. सगळे म्हणतात टियर लिस्ट (कॅरेक्टरच्या ताकदीची क्रमवारी) बघ, ढालसिमचं डॅमेज कमी आहे, सोड त्याला आणि केन घे. हरलेल्या पाच मॅचचं टिपण सोबत पाठवतोय. दोष कॅरेक्टरचा की माझा, हे ओळखायचं कसं?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : आम्ही टिपण आधी वाचलं, पत्र नंतर. टिपण पत्रापेक्षा खरं बोलतंय. पाच मॅच म्हणजे हरलेले दहा राउंड. त्यातले पाच तुम्ही उडी मारून आलेल्या माणसाला न अडवल्यामुळे घालवले. तीन वेळा लांबचा ठोसा मारत असताना समोरच्याने ड्राइव्ह इम्पॅक्ट (फटके पचवत येणारा जोरदार धक्का) घातला. दोन वेळा स्क्रीनच्या कॉर्नरमध्ये पडलात आणि उठता उठता बटण दाबलंत. ‘डॅमेज कमी’ म्हणून गेलेला राउंड दहात एकही नाही. मित्रांनी सांगितलेलं दुखणं वेगळं आणि कागदावरचं दुखणं वेगळं.

टियर लिस्टचं आधी उरकून टाकू. टियर लिस्ट म्हणजे लासलगावचा सरासरी भाव. तो खोटा नसतो, पण तुमच्या ट्रॉलीतल्या कांद्याला काय मिळेल ते त्यावरून कळत नाही. दोन्ही बाजूंना अव्वल खेळाडू आहेत असं धरून ती यादी लावलेली असते. त्या पातळीवरही जपानचा वायएचसी-मोची आणि फ्रान्सचा मिस्टर क्रिमसन ढालसिम घेऊनच उतरतात. प्लॅटिनममध्ये यादीतल्या एक-दोन पायऱ्यांनी मॅच फिरत नाही, न अडवलेल्या उड्यांनी फिरते.

आता मूळ प्रश्न, मोजायचं कसं. ‘चाल संथ’, ‘उडी तरंगती’, ‘जवळून कच्चा’ असली विशेषणं वहीत लिहू नका. कमजोरी पूर्ण वाक्यात लिहायची: कोण, किती अंतरावरून, कशाने आणि काय खर्चून माझं नुकसान करतो. ढालसिमची चाल संथ आहे हे खरं, पण झँगीफसमोर ती कमजोरी ठरत नाही. तुमच्यापर्यंत पोचायचा खर्च झँगीफलाच करायचा असतो. त्याच्याकडे ११,००० हेल्थ आहे, बहुतेकांकडे १०,०००. म्हणजे तुम्हाला थोडं जास्त वेळ मारावं लागतं, इतकंच. तीच संथ चाल कॅमीसमोर महागात पडते, कारण ती तुमच्या मागे सरकण्यापेक्षा जास्त वेगाने पुढे येते. तालमीत उंच, सडपातळ पैलवानाला कोणी सरसकट कमजोर म्हणत नाही. बुटका गडी पायात शिरला तर काय, एवढंच विचारतात. तसंच बघायचं.

स्क्रीनचे तीन भाग करा. ट्रेनिंग स्टेजच्या जमिनीवर चौकटी आखलेल्या आहेत, त्या मोजायच्या. पहिला भाग, तुमच्या सर्वांत लांब हाताच्या टोकापलीकडचा. दुसरा, तुमचा हात पोचतो पण त्याचा पोचत नाही तो. तिसरा, दोघांचंही पोचतं तो.

पहिल्या भागात योगा फायर आणि वरून पडणारा योगा आर्च हे आगीचे गोळे. इथे गाइल किंवा जेपीसारख्या लांबून मारणाऱ्यांशीच खरी झुंज असते. बाकीच्यांसमोर हा भाग तुमचाच, त्यावर वेळ घालवू नका.

ढालसिमची कमाई दुसऱ्या भागात, आणि तुमची गळतीही तिथेच आहे. लांब हात-पाय ब्लॉक करताना समोरच्याचा ड्राइव्ह गेज, म्हणजे खास चालींसाठी खर्चायची पट्टी, झिजतो. सहाच्या सहा बार संपले की तो बर्नआउटमध्ये जातो. मग योगा फायरसारखे स्पेशल फटके ब्लॉक केले तरी त्याची हेल्थ कमी होते, आणि ब्लॉकनंतर तुम्हाला ४ फ्रेमचा (एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा साठावा भाग) जादा फायदा मिळतो. ढालसिमचं डॅमेज कमी वाटतं ते एका फटक्यापुरतं पाहिलं म्हणून. त्याचा हिशोब हप्त्याहप्त्याने होतो.

पण लांब हाताला किंमत आहे. समजा एक ठोसा सुरू होण्यापासून हात परत आवरेपर्यंत ४० फ्रेम घेतो. ड्राइव्ह इम्पॅक्ट २६व्या फ्रेमला लागतो आणि वाटेत तुमचे दोन फटके पचवतो. समोरच्याने तुमच्या ठोशाच्या १०व्या फ्रेमला इम्पॅक्ट दाबला तर तो ३६व्याला लागणार, तेव्हा तुमचा हात अजून बाहेर आहे. तोच त्याने २०व्याला दाबला तर ४६व्याला लागणार. मध्ये तुम्ही मोकळे आहात, उलटा इम्पॅक्ट घालून तुम्हीच जिंकता. आता डोळ्याने बघून बटण दाबायला माणसाला साधारण १५ ते २० फ्रेम लागतात. म्हणजे १०व्या फ्रेमला इम्पॅक्ट दाबणाऱ्याने तुमचा ठोसा पाहिलेलाच नाही, तुमची सवय पाहिली आहे. टिपणातल्या त्या तिन्ही वेळा तुम्ही सलग तिसरा हेवी ठोसा मारत होता. तिसरा! ही ढालसिमची कमजोरी नाही. दोन हात सोडले की तिसऱ्या जागी थांबा. इम्पॅक्ट आला तर उलटा इम्पॅक्ट, किंवा मागे उडी. जवळ आलाच तर थ्रो (पकडून आपटणं), कारण इम्पॅक्ट थ्रोला हरतो. शिवाय अगदी टोकावरून मारताय की दोन चौकटी आत येऊन, तेही पाहा. कोणत्या चौकटीपासून इम्पॅक्ट तुम्हाला गाठतो ते ट्रेनिंग मोडच्या डमीकडून करवून घ्या आणि आकडा वहीत लिहून ठेवा.

याच भागात ढालसिमची एक खरी खोट आहे, तुमच्या टिपणात मात्र ती नाही. म्हणजे तुमच्या विरोधकांना ती अजून सापडलेली नाही. ड्राइव्ह पॅरी, म्हणजे बटण धरून फटके झेलत राहणं. पॅरी धरून बसलेल्यावर मारलेला प्रत्येक हात त्याचा गेज भरतो. पॅरीवर उतारा थ्रो, तो लागला तर पनिश काउंटरही (जादा डॅमेज) मिळतो. पण अर्ध्या स्क्रीनवरून थ्रो करणार कसा? बाकीची कॅरेक्टर एक पाऊल टाकून थ्रो करतात, ढालसिमला ते पाऊल लांबचं पडतं. म्हणून इथे मारायचं नाही. पॅरी सुरू करायला अर्धा बार जातो आणि धरून ठेवली तर गेज गळतच राहतो. हात उचलल्यासारखं करा, बारीकसं पुढे-मागे करा, फटका मारू नका. त्याचा एखादा बार फुकट गेला की तो स्वतःच सोडतो, आणि सोडल्यानंतरच्या क्षणी तुमचा हात पोचलेला असतो. आमच्या मते प्लॅटिनमचा ढालसिम आणि डायमंडचा ढालसिम यांत सगळ्यात मोठा फरक हाच: न मारता थांबता येणं.

तिसरा भाग, अंगाला अंग. इथे ढालसिम खरोखर उणा आहे, ते मान्य करूनच पुढे जाऊ. केनकडे ओव्हरड्राइव्ह शोर्युकेन (वर उसळणारा ठोसा) आहे, कॅमीकडे ओव्हरड्राइव्ह कॅनन स्पाइक. दोन बार मोजले की उठता उठता समोरच्याला त्याच्या चुकीबद्दल शिक्षा देता येते. ढालसिमकडे सुपरशिवाय (वेगळ्या पट्टीवरची मोठी चाल) असं काही नाही. त्यात समोरचा ड्राइव्ह रशने (गेज खर्चून घेतलेली पुढची झेप) येतो. ते गणित एकदा नीट समजून घ्या. समजा त्याचं एक मीडियम बटण ब्लॉक झालं तर एरवी तो १ फ्रेम मागे असतो. ड्राइव्ह रशमधून मारलं की त्यात ४ मिळतात, म्हणजे तो ३ फ्रेम पुढे. तुम्ही ४ फ्रेमचं सर्वांत वेगवान बटण दाबलंत तर ते त्याच्या घड्याळात ७व्या फ्रेमला लागणार. त्याचा थ्रो ५व्या फ्रेमला लागतो. ६ फ्रेमचं बटणही तुमच्या आधी लागतं. म्हणून ‘मी तर दाबलं होतं’ ही तुमची टिपणातली तक्रार गणितात बसत नाही. दाबलंत म्हणूनच लागलं. अशा वेळी ब्लॉक करायचं, थ्रो वाटला तर थ्रो तोडायचा, आणि दोन बार असतील तर ब्लॉक करता करता ड्राइव्ह रिव्हर्सल (समोरच्याला ढकलणारा फटका). तोही ओळखीचा झाला की समोरचा ब्लॉक करून पनिश करतो, तेव्हा राउंडमध्ये एकदाच.

आता दोष कोणाचा, याची कसोटी. आमच्या माहितीत याहून सरळ कसोटी नाही. जी गोष्ट लागली ती ट्रेनिंग मोडमध्ये डमीला रेकॉर्ड करून द्या. फक्त तीच, दुसरं काही नाही. काय येणार हे तुम्हाला पक्कं माहीत आहे. दहा वेळा चालवा. दहापैकी नऊ-दहा वेळा अडवता आलं तर उतारा ढालसिमकडे आहे, कमी पडलं ते तुमचं लक्ष. माहीत असूनही चार-पाच वेळाच जमलं तर बटण चुकतंय किंवा वेळ चुकतेय. फ्रेम मीटर लावून बघा. त्या पट्टीत हिरवा रंग म्हणजे सुरुवात, लाल म्हणजे फटका चालू, निळा म्हणजे हात परत येतोय. तुमचं लाल त्याच्या लालनंतर येतंय का, ते दिसेल. आणि बटण बदलून, वेळ बदलूनही दहापैकी एक-दोनच, तर ती कॅरेक्टरची खोट समजा. तिच्यावर सराव करून उपयोग नाही. त्या जागी पोचायचंच कसं नाही, त्याचा सराव करायचा.

तुमच्या दहा राउंडांना ही कसोटी लावली तर आमचा अंदाज असा: इम्पॅक्टचे तीन पूर्ण तुमचे, कॉर्नरमधले दोन बरेचसे कॅरेक्टरचे, आणि उड्यांचे पाच वाटून घ्यावे लागतील.

उड्यांमध्येही फरक आहे. केनची साधी उडी एकदा निघाली की कुठे उतरणार ते ठरलेलं असतं. बहुतेक कॅरेक्टर उडीत साधारण ३८ फ्रेम हवेत असतात. ओळखायला १८ गेले, शेवटचे चार-पाच फ्रेम त्याची लाथ आधीच लागते म्हणून वजा. उरले पंधराएक. एवढ्यात बसणारं अँटी-एअर (उडी अडवणारं) बटण ढालसिमकडे आहे, म्हणून केनच्या उड्या तुमच्या खात्यात. फक्त एक अट: त्या वेळी तुमचा हात बाहेर नको. ४० फ्रेमच्या ठोशात अडकलात तर जगातलं कुठलंही अँटी-एअर कामाचं नाही. उडी आणि इम्पॅक्ट ही तुमची दोन दुखणी नाहीत, एकच आहे.

कॅमीचं वेगळं. ती पुढे उडी मारून मध्येच कॅनन स्ट्राइकने खाली घसरते, उतरण्याची जागा आणि वेळ दोन्ही बदलते. तिला बघून अडवणं कठीण, ही अडचण खरी आहे. इथे एकच उत्तर शोधू नका. ती कुठून उडते ते पाहा. लाथ उंचावर ब्लॉक झाली तर तिला पनिश करता येतं, कमरेखाली लागली तर डाव पुन्हा तिच्या हातात. म्हणून जिथून तिला कमरेखाली यावं लागतं त्या अंतरावर ती निघायच्या आतच काहीतरी हवं: मागे उडी मारून हवेतला ठोसा, किंवा आधीच हवेत सोडलेला योगा आर्च, म्हणजे तिला उडीच्या वाटेत आग भेटेल. दोन्ही जमलं नाही तर उभं राहून ब्लॉक. कॅमीच्या प्रत्येक उडीला उत्तर देण्याच्या नादात तुम्ही लांबचा हात सोडता आणि तिला जमिनीवरून चालत यायला वाट करून देता. दहातल्या सहा उड्या अडवल्यात तरी तिला विचार करावा लागतो, तेवढं पुरे.

केनबद्दल आणखी एक. त्याचं खरं काम तुम्हाला कॉर्नरपर्यंत ढकलत नेणं. त्याची जिनराई ही लाथ ब्लॉक केली की पुढे तीन फाटे फुटतात, त्यातला एक वरून येतो आणि बसून ब्लॉक होत नाही. तुम्ही टिपणात लिहिलंय, ‘कुठला येतो कळतच नाही’. कॉर्नरमध्ये ते कळून फार उपयोगही नसतो. तिथे ड्राइव्ह इम्पॅक्ट ब्लॉक केला तरी भिंतीवर आपटता, आणि बर्नआउटमध्ये असाल तर स्टन होता (काही वेळ हलता येत नाही). म्हणून तुमची पाठ भिंतीपासून साधारण एक उडी राहिली की तोच धोक्याचा बावटा समजा. तिथून पुढे मागे सरकायचं नाही. गेज असेपर्यंत जागा बदला. टेलिपोर्ट त्यासाठी आहे, दिमाखासाठी नाही. कॉर्नरमध्ये सापडल्यावर मारलेला टेलिपोर्ट सगळ्यांना पाठ असतो.

सरावाचं वेळापत्रक छोटंच ठेवा, रोज २० मिनिटं. पहिली दहा मिनिटं डमीला तीन गोष्टी रेकॉर्ड करा: पुढे उडी, ड्राइव्ह रश, ड्राइव्ह इम्पॅक्ट. कुठलीही कधीही येईल असं लावा आणि ३० वेळा चालवा. ३०पैकी २४ अडले की चौथी गोष्ट घाला: ‘काहीच न करणं’. डमी नुसता उभा राहिला की आपण उगीच हात सोडतो, ते या चौथ्या गोष्टीने उघडं पडतं. उरलेली दहा मिनिटं स्वतःच्या एका हरलेल्या मॅचच्या रिप्लेला. सगळी बघायची गरज नाही. जिथे हेल्थ एकदम तीसेक टक्के गेली तिथे थांबवा आणि पाच सेकंद मागे जा. वहीत चार शब्द: अंतर, माझं शेवटचं बटण, त्याचं बटण, दोघांचा गेज. वीस मॅच झाल्या की बेरीज करा. एका प्रकारात निम्म्याहून जास्त खुणा पडल्या तर तो महिना त्याच प्रकाराचा.

कॅफेतली एक बाब तुम्ही लिहिलेली नाही, पण तपासा. टीव्ही गेम मोडवर आहे का? नसेल आणि पडदा समजा ५० मिलिसेकंद उशिरा दाखवत असेल, तर ते सरळ ३ फ्रेम होतात. उडी अडवायला तुमच्याकडे पंधराएक होते, आता बारा. बघून खेळणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला, याचा फटका जास्त. झेप घेणाऱ्या कॅमीला कमी. शिवाय समोरचा मॉडर्न कंट्रोलवर (सोप्या बटणांची पद्धत) असेल तर त्याचा शोर्युकेन एका बटणावर निघतो, त्याच्यावर उडी मारून जाणं आणखी महाग. बदल्यात त्या एकबटणी फटक्याचं डॅमेज २० टक्के कमी असतं.

राहिला प्रश्न ढालसिम सोडण्याचा. ढालसिमवर जीव जडणं आम्ही समजू शकतो. आपल्याकडचा आहे, गावासाठी लढतो, मुलाचं नाव चक्क दत्त. पण त्यासाठी नव्हे, टिपण बघून सांगतो: आत्ता सोडू नका. केन घेतलात तरी सलग तिसरा ठोसा तुमच्यासोबत येईलच, आणि केनच्या ठोशाला ढालसिमएवढी लांबीही नसेल. दोन महिन्यांनी वहीतल्या उड्या आणि इम्पॅक्ट कमी झालेले असतील आणि कॅमीसमोरचा कॉर्नर तेवढाच राहिलेला असेल, तर त्या एका मॅचअपसाठी दुसरं कॅरेक्टर हाताशी ठेवा. आम्ही केनऐवजी रियू सुचवू. आग लांबून सोडायची, थांबायचं, उडी आली की शोर्युकेन; डोकं तेच राहतं, फक्त उठताना वापरायला एक उतारा जास्त मिळतो. आणि शनिवारच्या आयोजकाला आधीच विचारून ठेवा: बहुतेक स्पर्धांत एक गेम झाल्यावर जिंकणाऱ्याला कॅरेक्टर बदलता येत नाही, हरणाऱ्याला येतं. तुमच्याकडे हाच नियम असेल, तर कॅमीसमोर पहिला गेम ढालसिमनेच खेळा.